सव्वीस मीटरवर तीस बार : हॅवलॉकच्या एका डाइव्हचा प्रकरण अभ्यास

काकांच्या टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा गेज मी हातात घेतला तेव्हा काटा दोनशेवरून तीस बारवर आला होता. डाइव्हचं विसावं मिनिट, खोली सव्वीस मीटर. बोट डोक्यावर नव्हती. प्रवाहाने आम्हाला नांगराच्या दोरापासून बरंच लांब, खडकाच्या मागच्या अंगाला नेलं होतं. मास्कच्या काचेतून मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला भीतीपेक्षा ओशाळलेपण जास्त दिसलं. पाहुण्याच्या घरी कप फुटल्यावर माणूस जसा बघतो, तसे ते माझ्याकडे बघत होते.

हे प्रकरण लिहून काढतोय ते त्या नजरेसाठी. स्कूबातल्या अपघातांविषयी बोलताना आपण यंत्रं, खोली, प्रवाह, हवा यांच्याबद्दल बोलतो आणि ते बरोबरच आहे. या डाइव्हमध्ये मात्र प्रत्येक वळणावर एक गोष्ट आधी येऊन उभी राहिली होती, ती म्हणजे भीड. काकांची होती तशीच माझीही होती. काकांच्या आणि त्यांच्या मुलीच्या परवानगीने लिहितो आहे. नावं आणि गाव काढून टाकलं आहे, आकडे तेच ठेवले आहेत. ते माझ्या नोंदवहीतले आणि आमच्या दोघांच्या डाइव्ह कॉम्प्युटरमधले आहेत.

माणसं आणि जागा

मी मूळचा मालवणचा. १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याच्या काठावर वाढलो, तारकर्लीच्या पाण्यात पहिल्यांदा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र, तोंडात धरला. आता हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, अंदमानात हॅवलॉकला प्रशिक्षक म्हणून असतो. बेटाचं नाव डिसेंबर २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, पण डायव्हर मंडळींच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे.

काका म्हणजे माझे पाहुणे, चोपन्न वर्षांचे, पश्चिम महाराष्ट्रातले. रक्तदाबाची गोळी चालू, डॉक्टरांचं फिटनेसचं पत्र सोबत. २०१४ मध्ये त्यांनी ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबातला पहिल्या पायरीचा कोर्स केला होता. खात्यात अकरा डाइव्ह, शेवटची तीन वर्षांपूर्वीची. सोबत मुलगी, सव्वीस वर्षांची, चाळीसेक डाइव्ह केलेली, पाण्यात एकदम सहज. तिला बाबांना जॉनीज गॉर्ज दाखवायचं होतं.

जॉनीज गॉर्ज हे हॅवलॉकच्या डायव्हरांचं लाडकं ठिकाण. जॉनी, डिक्सन ही इथल्या डाइव्ह साइटना मिळालेली नावं करेन माणसांची आहेत. १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून मायाबंदरकडे आणून वसवलेल्या या समाजातल्या अनेक तरुणांनी हॅवलॉकचं डायव्हिंग उभं केलं. गॉर्जला उथळ भाग असा नाहीच. वीस मीटरवर खडकांचे माथे लागतात आणि तिथून तिसाच्या आसपास वाळूपर्यंत उतरतात. प्रवाह असतो म्हणूनच मासा असतो. आमच्या तांबोशीच्या कुळातल्या पिवळ्या स्नॅपरचे थवे इतके दाट की पलीकडचा डायव्हर दिसत नाही. कपारीत गोबरे, वर बराकुडा, आणि वाळूवर दिवसाढवळ्या निवांत पडलेल्या पांढऱ्या टोकाच्या मोऱ्या, म्हणजे शार्क.

ओपन वॉटरवाल्याची मर्यादा अठरा मीटर. पण काकांनी आदल्या दिवशी अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सला नाव घातलं होतं, आणि त्या कोर्सात एक खोल डाइव्ह प्रशिक्षकासोबत तीस मीटरपर्यंत करता येते. म्हणजे त्यांना गॉर्जला नेणं नियमात बसत होतं. नियमात बसतं आणि योग्य असतं यात किती अंतर असू शकतं, ते मला त्या सकाळी ठाऊक असायला हवं होतं.

बोटीवर

फेब्रुवारी २०२३. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, म्हणजे उधाणाचे दिवस. अशा दिवशी भरती-ओहोटीच्या मधला पाणी थबकण्याचा थोडाच वेळ मिळतो आणि गॉर्जला तो गाठावा लागतो. एका पाहुण्याचा मास्क बसेना, तो बदलण्यात आणि किरकोळ तयारीत आम्ही चाळीस मिनिटं उशिरा निघालो. पोहोचलो तेव्हा नांगराचा दोर ताणून तिरका झालेला दिसत होता. दोर तिरका म्हणजे पाणी ओढतंय, हे कोळ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. जागा बदलून उथळ रीफवर जाता आलं असतं. पण बोटीवर चार पाहुणे होते, दोघं खास यासाठी बेंगळुरूहून आलेले, आणि ती मुलगी आदल्या रात्रीपासून बाबांना मोऱ्यांच्या गोष्टी सांगत होती. मी जागा बदलली नाही.

दुसरी गोष्ट वजनांची, म्हणजे खाली राहता यावं म्हणून कमरेला बांधतात त्या शिशाची. आदल्या दिवशीच्या बारा मीटरच्या सोप्या डाइव्हला काका शेवटी शेवटी वर तरंगायला लागले होते. अ‍ॅल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की हलकी होते, आणि त्यातून बीसीडीतली, म्हणजे तरंगण्यासाठी घालतात त्या फुगणाऱ्या जॅकेटातली हवा पूर्ण काढलेली नसली की माणूस वर ओढला जातो. त्यावरचा उपाय असा, की डाइव्हच्या शेवटी पन्नास बार उरलेले असताना पाच मीटरवर स्थिर राहता येतं का ते तपासायचं आणि त्याप्रमाणे शिसं ठरवायचं. काका मात्र सकाळी म्हणाले, "अरे, मला दोन-तीन किलो जास्तच दे. काल फार पंचाईत झाली."

त्यांना सहा किलो पुरे होते. मी नऊ दिले.

हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण उत्तर मला माहीत होतं. बेंगळुरूच्या तिशीतल्या मुलाने हीच मागणी केली असती तर मी सरळ नाही म्हणालो असतो आणि कारणही सांगितलं असतं. काकांना नाही म्हणवेना. आदल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं होतं, "मालवणचा का रे तू? कुणाचा?" मग आजोबा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचे ते, गाव, देऊळ, सगळं निघालं. एवढं झाल्यावर वडिलांच्या वयाच्या माणसाला, त्याच्या मुलीसमोर, 'तुमचा अंदाज चुकतोय' म्हणायला जीभ रेटली नाही. आपल्याकडे 'भीड भिकेची बहीण' म्हणतात. पाण्यात तिचं नातं याहून जवळचं आहे.

ब्रीफिंग व्यवस्थित झालं. शंभर बार झाले की हाताने टी करून दाखवायचा. सत्तरला आपण वर निघणार. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. पन्नास बार घेऊन पृष्ठभागावर यायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वीस मिनिटं

दोराला धरून उतरायला चार मिनिटं लागली. प्रवाहात दोर धरून खाली जाणं म्हणजे वाऱ्यात फाटकाला लटकण्यासारखं, दंड भरून येतात. वीस मीटरवर खडकाच्या आडोशाला आलो तेव्हा काकांकडे १७५ बार होते. सुरुवात २०० ने झाली होती.

नवव्या मिनिटाला मी बोट गेजवर टेकवून विचारलं. त्यांनी बोटांनी दाखवलं, १३०. म्हणजे नऊ मिनिटांत सत्तर बार गेले होते. माझ्याकडे त्या वेळी १६५ च्या वर होते. डाइव्ह तिथेच आवरती घ्यायला हवी होती. तेवढ्यात सहायकाने टॉर्च हलवला. वाळूवर दोन मोऱ्या पडलेल्या होत्या. मुलीने वळून बाबांचा हात धरला आणि त्यांना पुढे नेलं. त्या क्षणी काकांच्या मास्कमागे जो आनंद होता तो मी अजून विसरलेलो नाही. मी ठरवलं, पाच मिनिटं देऊ.

तेराव्या मिनिटाला पुन्हा विचारलं. या वेळी उत्तर आकड्यात आलं नाही. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ आलं, ओके. आकडा विचारल्यावर ओके येणं हे आमच्या धंद्यात धोक्याचं लक्षण मानतात, आणि मी तेच उत्तर घेऊन पुढे सरकलो. त्या वेळी त्यांच्याकडे शंभराहून कमी होते. टीची खूण आलीच नव्हती.

सोळाव्या मिनिटाच्या आसपास प्रवाह वाढला. काका उभे होत गेले. जादा शिसं कमरेला खाली ओढतं, ते तोलायला बीसीडीत हवा भरावी लागते आणि ती छातीला वर ओढते, त्यामुळे माणूस आडवा राहतच नाही. उभा डायव्हर प्रवाहाला अख्खं अंग देतो, दुप्पट लाथा मारतो, दुप्पट हवा ओढतो. त्यांच्या फिनचा फटका एका सी फॅनला बसला आणि हाताएवढी फांदी मोडून लोंबायला लागली. जाळीदार पंख्यासारखी दिसणारी ही वसाहत म्हणजे हजारो सूक्ष्म प्राणी आहेत, प्रवाहाला आडवे पसरून अन्न गाळणारे. २००१ पासून कठीण प्रवाळ आणि सी फॅन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्या पंक्तीला. २०१० च्या एप्रिल-मे महिन्यांत पाणी तापून अंदमानची प्रवाळं पांढरी पडली होती. त्यातून जे उरलं आणि जे पुन्हा धरलं, ते इथले लोक जीव लावून सांभाळतात. काकांनी फांदी मोडलेली पाहिली. मुलीने नंतर सांगितलं, तेव्हापासून ते फार अस्वस्थ झाले आणि श्वास आणखी भरभर घ्यायला लागले.

मला संशय आला तो बुडबुड्यांवरून. शांत डायव्हरचे बुडबुडे झुपक्याने येतात आणि दोन झुपक्यांच्या मध्ये रिकामी जागा असते. काकांच्या डोक्यावर ती जागा उरली नव्हती, सलग माळ लागली होती. जवळ जाऊन गेज हातात घेतला.

तीस.

हिशेब

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण 'हवा लवकर संपली' एवढ्या वाक्यावर हे सोडून दिलं तर पुढच्या कुणालाही त्याचा उपयोग नाही.

आमच्या टाकीत पाण्याच्या मापाने ११.१ लिटर जागा असते. २०० बार म्हणजे सुमारे २२०० लिटर हवा. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. फुप्फुसं भरायला लागणारी हवाही त्याच पटीने वाढते. नवव्या ते विसाव्या मिनिटात काकांचे शंभर बार गेले, म्हणजे अकरा मिनिटांत अकराशे लिटर. सरासरी पंचवीस मीटर धरून दाबाने भागलं तर पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला सुमारे २९ लिटर येतात. आदल्या दिवशी बारा मीटरवर हाच आकडा १७ होता. माणूस तोच, फुप्फुसं तीच, वाढलेले बारा लिटर प्रवाहाचे, शिशाचे आणि धास्तीचे.

आता उलटा हिशेब. सव्वीस मीटरवरून मिनिटाला नऊ मीटरच्या वेगाने पाच मीटरवर यायचं, तीन मिनिटं थांबायचं आणि वर जायचं. मिनिटाला २९ लिटरने याला जवळजवळ २९ बार लागतात. काकांकडे तीस होते. कागदावर ते पुरतात. पण टाकी इतकी रिती झाली की रेग्युलेटर श्वासाला जड जायला लागतो, आणि जड श्वासाने घाबरलेला माणूस आणखी जोरात ओढतो. शिवाय माझीच हवा काही कारणाने गेली असती तर दोघांना एका टाकीवर वर यायला साठ बार लागले असते. म्हणून त्या खोलीवर, त्या प्रवाहात, खरी सीमा साठ-सत्तरची होती, आणि काकांनी ती सोळाव्या मिनिटाच्या सुमारास ओलांडली होती.

कॉम्प्युटरवर बघितलं तर सगळं ठीक दिसत होतं. नायट्रोजनच्या हिशेबाने आम्हाला अजून काही मिनिटं शिल्लक होती. कॉम्प्युटर खोली आणि वेळ मोजतो. शेजारच्या माणसाला बोलायला संकोच वाटतोय, हे मोजायचं काम माझं होतं.

वर येताना

त्यांच्या टाकीत हवा असतानाच मी माझा ऑक्टोपस, म्हणजे जादा रेग्युलेटर, त्यांच्या हातात दिला. संपायची वाट बघायची नसते. माझ्याकडे १२० होते. त्यांनी नीट बदल केला, मी त्यांचा छातीचा पट्टा पकडला, मुलीला सहायकाकडे जायची खूण केली आणि आम्ही दोघं निघालो. सव्वीस ते बारा मीटर अगदी पुस्तकात सांगितल्यासारखं झालं. त्यांचा श्वासही खाली आला होता.

बारा मीटरच्या वर त्या तीन किलोंनी आपला हिशेब चुकता केला. तीन किलो जादा शिसं तोलायला त्यांच्या बीसीडीत तीन लिटर जादा हवा होती. वर येताना दाब उतरतो आणि हवा फुगते. शेवटच्या दहा मीटरमध्ये ती दुप्पट होते, म्हणून सगळ्यात उथळ पाण्यात सगळ्यात जास्त सावध राहायचं असतं. हवा सोडायला नळी डोक्यावर धरावी लागते. काकांनी ती कमरेपाशी धरली, आणि दोन बटणांपैकी घाईत दाबलं ते भरायचं. मला ते कळेपर्यंत आम्ही सुटलो होतो. मी माझी सगळी हवा काढली, अंग आडवं पसरलं, त्यांच्या मागचा व्हॉल्व्ह ओढला, तरी दहा मीटर वीस सेकंदांत गेले. ठरलेल्या वेगाच्या तिपटीहून जास्त.

एक गोष्ट बरोबर झाली. मी त्यांच्या तोंडासमोर बोट हलवून 'सोडा, सोडा' केलं आणि त्यांनी पूर्ण वेळ श्वास सोडत ठेवला. मला त्यांचा घशातला 'ऊऽऽ' ऐकू येत होता. श्वास कधीही रोखायचा नाही, हा या खेळातला पहिला धडा. भरलेली फुप्फुसं घेऊन एखाद-दीड मीटर वर आलात तरी ती फाटू शकतात. २०१४ मध्ये ज्या कुणी काकांना तो धडा शिकवला त्याचे मी मनोमन पाय धरतो.

पाच मीटरवरचा थांबा अर्थातच चुकला. वर आलो, बीसीडी भरल्या, केशरी एसएमबी, म्हणजे बोटीला दिसावा म्हणून फुगवायचा लांब फुगा, उभा केला, शिटी मारली. दोनशे मीटरवरची बोट वळेपर्यंत काका काही बोलले नाहीत. शिडीवरून चढले, फळीवर बसले, मास्क काढला आणि म्हणाले, "माझ्यामुळे सगळ्यांची डाइव्ह गेली का रे?"

बाकीचे तिघं पुढे बारा मिनिटांनी, थांबा घेऊन, सुखरूप वर आले.

खांदा

दुसऱ्या डाइव्हला मी काकांना उतरू दिलं नाही. बोटीवर दर पंधरा मिनिटांनी विचारत राहिलो. मुंग्या येतात का, चक्कर, सांधा दुखतो का, अंगावर चट्टे? प्रत्येक वेळी 'काही नाही, एकदम मस्त'. पाणी पाजलं, सावलीत बसवलं. दुपारी हॉटेलवर सोडताना सांगितलं, काहीही वाटलं तरी फोन करा.

रात्री आठला फोन आला तो मुलीचा. "दादा, बाबा मगापासून डावा खांदा चोळतायत. विचारलं तर म्हणतात, बॅग उचलली तेव्हा लचकला असेल."

खोलीवर गेलो. दुपारी दोनपासून दुखत होता. खोलवर, एका जागी, हात कसाही ठेवला तरी तसाच. दाबल्यावर वाढत नव्हता. लचकलेला खांदा असा वागत नाही. "मग सांगितलं का नाही, काका?" तर म्हणाले, "तुम्ही सगळे दमला होतात. सकाळी आधीच केवढा त्रास दिला."

खाली साडेतीन पट दाबात श्वासातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत जातो. सावकाश वर आलं तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. दाब झटक्यात उतरला तर तो जागच्या जागी बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. हा डीकम्प्रेशनचा आजार. सांध्यात बुडबुडे झाले तर दुखणं, मज्जारज्जूत झाले तर पाय लुळे पडणं. बहुतेकांना पहिल्या काही तासांतच जाणवतं, आणि जवळजवळ सर्वांना चोवीस तासांच्या आत. कॉम्प्युटरच्या मर्यादेत राहूनही तो होऊ शकतो. काकांच्या बाबतीत वेगाने वर येणं, चुकलेला थांबा, प्रवाहातली अंगमेहनत, आदल्या दिवशीच्या दोन डाइव्ह, कमी प्यायलेलं पाणी आणि वय, असं सगळंच एका बाजूला साठलं होतं.

मी सरळ रेषेत चालायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, दोन्ही हातांची पकड तपासली, हसायला सांगितलं, डोळे मिटवून बोटांचे स्पर्श ओळखायला लावले. सगळं नीट होतं. मग ऑक्सिजनचा मास्क लावला, मिनिटाला पंधरा लिटर. अर्ध्या तासात दुखणं निम्म्यावर आलं, आणि ते चांगलं लक्षण असलं तरी निदान पक्कं करणारं होतं. शुद्ध ऑक्सिजन दिला की शरीरातला नायट्रोजन भराभर बाहेर पडतो, बुडबुडे आक्रसतात. लचक ऑक्सिजनने कमी होत नाही. डायव्हिंग-वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. त्यांनी मोजून सहा प्रश्न विचारले आणि म्हणाले, दुखणं थांबलं तरी चेंबरला, म्हणजे पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करतात तिथे, न्यायचंच.

त्यांचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. डाइव्हपासून अठ्ठावीस तासांनी. अनेक दिवस डाइव्ह करणाऱ्या निरोगी माणसाला अठरा तास थांबायला सांगतात, म्हणजे वेळापत्रकात कुणाला काही खटकलं नसतं. पण विमानाच्या केबिनमधला दाब दोन-अडीच हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तितका उतरू शकतो. अंगात बुडबुडे घेऊन काका त्यात बसले असते तर तो खांद्याचा प्रश्न राहिला नसता. मुलीने फोन केला नसता तर ते बसलेच असते. रात्रीच्या जेवणावर तिचं लक्ष वडिलांच्या हाताकडे गेलं, एवढ्यावर ते टळलं.

सकाळच्या पहिल्या फेरीने आम्ही पोर्ट ब्लेअरला गेलो, आताचं श्री विजयपुरम. बरोबर ऑक्सिजनची टाकी घेतली होती. तिथे नौदलाच्या रुग्णालयात रिकम्प्रेशनची सोय आहे. लोखंडी चेंबरमध्ये माणसाला पुन्हा अठरा मीटरइतक्या दाबाखाली नेतात आणि ऑक्सिजन देत अगदी हळू वर आणतात. नेहमीचा तक्ता पावणेपाच तासांचा असतो. पहिल्या तासातच काकांनी काचेतून मला अंगठा दाखवला. मग स्वतःच दचकले, कारण डायव्हिंगमध्ये अंगठा म्हणजे 'वर जायचंय'. घाईघाईने तो मिटून त्यांनी ओकेची खूण केली.

मी काय बदललं

वजनं आता मी पाहुण्याला विचारून ठरवत नाही. पहिल्या दिवशी पाच मीटरवर तपासतो, आकडा नोंदतो, दुसऱ्या दिवशी तोच देतो. समोर कुणाचे आजोबा असले तरी. उधाणाच्या दिवसांत दुसरी जागा आधीच ठरवून ठेवतो, म्हणजे दोर तिरका दिसला तर बोटीवर चर्चा होत नाही. आणि तीन वर्षांच्या खंडानंतर आलेला माणूस दुसऱ्याच दिवशी तीस मीटरवर जात नाही.

पण मी सगळ्यात जास्त वेळ देतो ते दुसऱ्याच गोष्टीला. गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांचा एक जुना नियम आहे की कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो, आणि त्याला कुणी जाब विचारायचा नाही. हा नियम मी पूर्वीही ब्रीफिंगमध्ये सांगत होतो. माना डोलत होत्या. आता पहिल्या उथळ डाइव्हमध्ये प्रत्येकाला एकदा तो वापरायला लावतो. आठ मीटरवर, सुंदर काहीतरी समोर असताना, त्याने अंगठा वर करायचा. मग आम्ही सगळे, खरोखर सगळे, बघत असलेली गोष्ट सोडून त्याच्याबरोबर वर येतो. दोन मिनिटांनी परत खाली जातो. लोकांना सुरुवातीला ते विचित्र वाटतं. काही जणांना, विशेषतः वयाने मोठ्या माणसांना, तो अंगठा उचलायला चक्क जड जातं. हात अर्ध्यावर थांबतो. तो अर्ध्यावर थांबलेला हात बघायलाच मी ही सवय लावली आहे. दुसऱ्याची मजा मोडायची भीड किती खोल असते ते तिथे दिसतं आणि ती आठ मीटरवर मोडलेली बरी.

आजोबा सांगायचे, रापणीच्या दोरावर ज्याचा हात सुटतोय त्याने आधी ओरडायचं. दहा माणसं त्याच्या भरवशावर मागे रेललेली असतात. गप्प राहून हात सुटला की सगळे पडतात.

काकांच्या मोडलेल्या सी फॅनला मी महिन्याभराने भेटून आलो. लोंबणारी फांदी गेली होती, मोडल्या जागी शेवाळ धरलं होतं, उरलेला पंखा प्रवाहात उघडा होता.

चेंबरमधून बाहेर आल्यावर डॉक्टर तपासायला येईपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. मुलगी विमानाची तिकिटं बदलायला गेली होती. काकांनी पिशवीतून लॉगबुक काढलं आणि कालच्या डाइव्हचं पान भरायला घेतलं. खोली, वेळ, सुरुवातीची हवा. मला विचारून नवव्या मिनिटाचे १३० लिहिले आणि त्याखाली रेघ ओढली.

"इथेच थांबायला हवं होतं ना?"

"हो."

थोडा वेळ ते त्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खरं सांग. मी मराठी नसतो, तुझ्या गावच्या गोष्टी आपल्या झाल्या नसत्या, तर तू मला तिथे थांबवलं असतंस?"

"तिथे नाही काका," मी म्हणालो. "बोटीवरच, शिसं मागितलंत तेव्हा."

त्यांनी मान हलवली, आणि शेरा लिहायच्या जागेत सहा किलो असं लिहिलं.